सहा स्टॉपचा एनडी फिल्टर: गोकाक ते गवाळी, एका पावसाळ्याच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आधी, मी सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावून आत येणारा प्रकाश कमी करणारी आणि शटर जास्त वेळ उघडे ठेवू देणारी गडद काच, विकत घेतला आणि तेव्हापासून दसऱ्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी तो माझ्या पिशवीत होता. गोकाकला चार वेळा, गोडचिनमलकीला तीन वेळा, खानापूर तालुक्यात चिखल्याला दोनदा, वनखात्याची परवानगी काढून एकदा वज्रपोह्याला आणि दोनदा आंबोलीला, एवढा त्याचा प्रवास झाला. त्याआधी तीन वर्षे माझ्याकडे दहा स्टॉपचा फिल्टर होता आणि त्याहीपूर्वी फिरवून गडद करता येणारा व्हेरिएबल फिल्टर होता. तिन्हींचे फोटो संगणकावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे. बेळगाव परिसरात पावसाळ्यातल्या धबधब्यांसाठी एकच फिल्टर घ्यायचा असेल, तर तो सहा स्टॉपचा घ्यावा. नव्या छायाचित्रकारांना दुकानात आणि मित्रमंडळींत सर्रास दहा स्टॉपचा सुचवला जातो, म्हणूनच कारणे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम वस्तूविषयी. फिल्टर गोल आहे, लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसतो, व्यास ७७ मिलिमीटर, काच खरी आहे, चौकट अॅल्युमिनियमची आहे आणि किंमत ४,२०० रुपये पडली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच किमतीत, याच प्रकारचे, तीन-चार कंपन्यांचे फिल्टर बाजारात मिळतात आणि माझ्या हातात त्यांपैकी एकच नग आलेला आहे. त्याचे जे दोष पुढे लिहिले आहेत, ते या किमतीच्या बहुतेक फिल्टरांत कमीअधिक आढळतील असे मला वाटते.

खरेदी करताना आकड्यांचा घोळ होतो, तो आधी सोडवायला हवा. एकाच काचेवर कोणी ‘एनडी ६४’ लिहितो, कोणी ‘एनडी १.८’ लिहितो, तर कोणी ‘सहा स्टॉप’ लिहितो. तिन्हींचा अर्थ एकच आहे. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. सहा वेळा निम्मा केला की चौसष्टावा हिस्सा उरतो, आणि १.८ हा त्याच गडदपणाचा लॉगॅरिथमने मांडलेला आकडा आहे. त्याच हिशेबाने ‘एनडी १०००’, ‘एनडी ३.०’ आणि ‘दहा स्टॉप’ हे एकच असून त्यात साधारण हजारावा हिस्सा प्रकाश आत येतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने ‘१.८’ पाहून जेमतेम दोन स्टॉपचा फिल्टर असेल असे समजून तो परत केला होता, म्हणून हे लिहिणे गरजेचे वाटले.

आता सहाच का, ते पाहू. आपल्या भागात धबधबे वाहतात तेव्हा आभाळ भरलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटीच्या पुढे गेले की दुपारी दोन वाजता दिवेलागणीची वेळ झाल्यासारखे वाटते. अशा वेळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) ११ ठेवले, तर फिल्टर न लावताच शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, सेकंदाच्या पंधराव्या भागावर येते, आणि झाडीच्या आत गेले की त्याहून खाली. यावर सहा स्टॉपचा फिल्टर लावला की सव्वाचार सेकंद मिळतात. दहा स्टॉपचा लावला तर ६८ सेकंद लागतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ठरवून देता येणारे शटर ३० सेकंदांवर संपते, त्यामुळे बल्ब मोडवर, म्हणजे शटर आपणच उघडे धरून ठेवण्याच्या सोयीवर, जाऊन रिमोट हातात घेऊन घड्याळाकडे पाहत बसावे लागते. त्या ६८ सेकंदांत वारा एकदा तरी सुटतोच आणि चौकटीतली प्रत्येक फांदी हिरव्या डागासारखी पुसट होते. समोरून तुषार येत असतील तर काचेवर थेंब जमतात आणि एका मिनिटाची मेहनत वाया जाते. लाँग एक्सपोजरमधला, म्हणजे लांब शटरच्या फोटोतला, नॉइज (दाणेदारपणा) कमी करण्याची सोय चालू ठेवली असेल, तर कॅमेरा तेवढाच वेळ आतल्या आत काळी चौकट घेतो आणि पुढच्या फोटोसाठी आणखी ६८ सेकंद थांबावे लागते. पावसाने दिलेल्या दहा मिनिटांच्या उघडिपीत अशाने तीन-चारच फोटो होतात.

पण ही झाली गैरसोय. खरा मुद्दा पाण्याच्या रूपाचा आहे, आणि तो मला गोकाकला उमगला.

गोकाकचा धबधबा घटप्रभेवर आहे. नदी वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली पडते. कड्याची कडा घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे आणि भर पावसाळ्यात पाण्याची रुंदी सुमारे १७७ मीटर होते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी वाटेत घटप्रभेला मिळते, त्यामुळे आंबोलीत आपल्या अंगावर पडलेला पाऊस काही दिवसांनी या कड्यावरून खाली येताना पाहता येतो. मात्र आंबोलीतले पाणी दुधासारखे असते आणि गोकाकला पोहोचेपर्यंत ते शेतांतली माती घेऊन लालसर तपकिरी झालेले असते. धबधब्याचे पाणी पांढरेच हवे अशी ज्यांची समजूत आहे, ते गोकाकहून नाराज होऊन परततात. मला स्वतःला तो तपकिरी रंग फार आवडतो. गुऱ्हाळात काहिलीतून काकवी ओतताना तिला जशा जाड, चमकदार, एकमेकींत न मिसळणाऱ्या धारा पडतात, तशाच धारा त्या कड्यावर दिसतात, आणि कॅमेऱ्यात आणायच्या त्या याच धारा असतात.

शटर किती ठेवायचे याचे उत्तर पडणाऱ्या पाण्याच्या वेगात आहे. हवेचा अडथळा सोडून दिला, तर ५२ मीटर पडायला पाण्याला सव्वातीन सेकंद लागतात आणि तळाशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर झालेला असतो. कड्यावरून सुटल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात ते सव्वा मीटरच खाली येते. शेवटच्या अर्ध्या सेकंदात मात्र चौदा-पंधरा मीटर कापते. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या शटरवर एकाच फोटोत दोन गोष्टी मिळतात. वरच्या कडेजवळ पाण्याचा प्रत्येक पीळ शाबूत राहतो आणि खाली जाता जाता तो रेशमासारखा मऊ होत जातो. भरल्या आभाळाखाली गोकाकच्या उघड्या दरीत अॅपर्चर ८ वर फिल्टरशिवाय सेकंदाचा सव्वाशेवा भाग मिळतो; त्याला चौसष्टने गुणले की बरोबर अर्धा सेकंद येतो. जणू हा फिल्टर याच दरीसाठी बनवला असावा. दहा स्टॉपच्या फिल्टरने अॅपर्चर ११ वर हाच फोटो सतरा सेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात कड्यापासून तळापर्यंतचे पाणी पाच वेळा बदललेले असते, सगळ्या धारा एकमेकींवर सांडलेल्या असतात आणि उरतो तो रंग नसलेला सपाट पडदा. माझ्या जुन्या फोटोंत गोकाकचा धबधबा कड्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसतो. ५२ मीटरवरून कोसळणाऱ्या त्या पाण्याचे वजन, त्याचा जोर, दरीत उभे राहिल्यावर छातीत जाणवणारी त्याची थरथर यांतले काहीच त्या फोटोंत उतरलेले नाही.

गोकाकविषयी दोन सूचना इथेच देतो. सुमारे २०० मीटर लांबीचा तो प्रसिद्ध झुलता पूल खुला असला, तरी त्यावर ट्रायपॉड लावण्यात अर्थ नाही. माणसांच्या पावलांनी पूल हलत राहतो आणि अर्ध्या सेकंदाचा फोटोही त्यावर स्थिर येत नाही. महालिंगेश्वर मंदिराच्या आसपास, कठड्याच्या आत राहून, पक्क्या जमिनीवर ट्रायपॉड लावावा. दुसरी सूचना जिवाची आहे. ऑगस्टमधल्या एका सकाळी पाणी बेताचे आहे असे पाहून मी खडकावर दहा-बारा पावले पुढे जायला निघालो, तेव्हा कणसे भाजणाऱ्या बाईंनी मागून मोठ्याने हाक मारली, “अण्णा, मुंद होगब्याड्री, नीर जास्ती आगेती.” पुढे जाऊ नका, पाणी वाढले आहे, असे त्या सांगत होत्या. मला वाढलेले दिसत नव्हते. त्यांना आवाजावरून कळले होते. घटप्रभेवर वरच्या अंगाला असलेल्या हिडकल धरणातून पाणी सोडलेले होते, आणि अर्ध्या तासाने मी जिथे ट्रायपॉड लावणार होतो तो खडक पाण्याखाली होता. लाँग एक्सपोजर घेणारा माणूस कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत एका जागी बराच वेळ उभा असतो, त्यामुळे हा धोका त्याला इतरांपेक्षा जास्त असतो. धरणातून विसर्ग चालू असल्याची बातमी असेल त्या दिवशी खडकावर पाऊल ठेवू नये.

आता फिल्टरच्या परीक्षणाकडे येतो. घराच्या मागच्या चुना लावलेल्या भिंतीवर, ढगाळ दुपारी, मी त्याची दोनदा चाचणी घेतली. फिल्टरशिवाय सेकंदाच्या साठाव्या भागाला जो हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, आला, तोच फिल्टर लावल्यावर १.३ सेकंदांना आला. हिशेबाने तो एका सेकंदाला थोडा वर यायला हवा होता. म्हणजे काच लिहिल्यापेक्षा स्टॉपच्या तिसऱ्या हिश्शाइतकी अधिक गडद आहे. हा दोष फार मोठा नाही, पण तो माहीत असला की फोटो अंधारे येत नाहीत. मी आता सवयीने शटर एक खूण पुढे ठेवतो.

रंगाच्या बाबतीत या काचेने मला आनंद दिला. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ५,२०० केल्विनवर बांधून फिल्टरसह आणि फिल्टरविना घेतलेल्या राखाडी कार्डाच्या फोटोंत अगदी हलकी पिवळसर झाक दिसते आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत, ती एका सरकपट्टीने जाते. मुख्य म्हणजे ती कडेपासून मध्यापर्यंत सारखी आहे. माझ्या दहा स्टॉपच्या फिल्टरची गोष्ट याच्या उलट होती. त्याने घेतलेल्या फोटोंत काळ्या खडकांवर तांबूस छटा येई आणि झाडांचा हिरवा रंग वाळल्यासारखा तपकिरी दिसे. दृश्य प्रकाश हजारपट अडवणारी काच अवरक्त किरण त्या प्रमाणात अडवत नसेल, तर लांबलेल्या एक्सपोजरमध्ये ते सेन्सरवर साचत जातात, आणि हिरवी पाने अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात. वाळवंटात किंवा समुद्रावर हा दोष कदाचित जाणवणारही नाही. चिखल्याच्या रानात, जिथे चौकटीचा तीन चतुर्थांश भाग हिरवा असतो, तिथे तो सगळा फोटो बिघडवतो. चांगल्या, महाग दहा स्टॉपच्या काचांवर अवरक्त किरण अडवणारा थर दिलेला असतो, हे खरे आहे, पण त्यांची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती.

वापरातला सर्वांत मोठा फायदा मात्र खोक्यावर कुठेच लिहिलेला नाही. सहा स्टॉपच्या काचेतून दिसते. लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र थोडे दाणेदार होते, पण चौकट जुळवता येते, आणि दिवसाउजेडी ऑटोफोकसही बहुधा चालतो. दहा स्टॉपच्या काचेतून साध्या डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून आधी चौकट जुळवायची, फोकस करून तो मॅन्युअलवर बांधायचा, मग लेन्सला धक्का न लावता फिल्टर पिळत बसवायचा, फोटो घ्यायचा आणि चौकट बदलायची झाली की पुन्हा सगळे उतरवायचे. एका हातात छत्री असताना हे काम करून पाहिलेल्या माणसालाच त्याचा वैताग कळेल. सहा स्टॉपचा फिल्टर मी सकाळी लावतो आणि दुपारी काढतो.

दहा स्टॉपचा फिल्टर निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही, आणि तो मी विकलेला नाही. गोडचिनमलकीने त्याची बाजू माझ्यासमोर मांडली. हा धबधबा मार्कंडेय नदीवर आहे. तीच नदी, जिच्यावरच्या राकसकोप जलाशयातून बेळगाव शहराला पाणी येते. वर्तमानपत्रात राकसकोप काठोकाठ भरल्याची बातमी आली की गोडचिनमलकीला निघायचे, हा माझा अनेक वर्षांचा ठोकताळा आहे. इथे पाणी दोन टप्प्यांत पडते, आधी सुमारे २५ मीटर आणि मग सुमारे २० मीटर, आणि या दोन्हींच्या मध्ये खडकांनी अडवलेल्या डोहासारख्या जागा आहेत. सप्टेंबरमध्ये जोर ओसरल्यावर त्या डोहांत फेस गोल गोल फिरत राहतो. अर्ध्या सेकंदाला तो नुसता विखुरलेला फेस दिसतो. शटर लांबवत गेले की त्याची वर्तुळे उमटू लागतात, आणि आणखी लांबवले की काळ्या पाण्यावर कोणी ठिपक्यांशिवाय एका हाताने रांगोळी ओढावी तशा पांढऱ्या रेषा एकात एक गुंफलेल्या दिसतात. डोळ्यांना ही आकृती कधीच दिसत नाही. ती पाण्यात असते आणि फक्त वेळ दिल्यावर प्रकट होते. त्या दिवशी ऊन असल्यामुळे सहा स्टॉपच्या काचेने, अॅपर्चर ११ वर, सेकंदाच्या तिसऱ्या भागापलीकडे जाता आले नाही आणि जुना दहा स्टॉपचा फिल्टर काढावा लागला. तेव्हा संथ फिरणारे पाणी, तलाव किंवा ऑक्टोबरचे ऊन असेल तर दहा स्टॉप लागतो, हे मान्यच आहे. पण आपण धबधब्याला जातो ते कोसळणाऱ्या पाण्यासाठी, आणि तेही पावसाळ्यात.

अॅपर्चर २२ पर्यंत बंद करून शटर लांबवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो, तो मानू नये. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि सगळा फोटो मऊ पडतो. ओल्या खडकावरचे शेवाळ, जे धबधब्याच्या फोटोत निम्मी शोभा देते, ते धुतल्यासारखे होते. माझ्या कॅमेऱ्यावर मी ११ च्या पुढे जात नाही.

फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला पाणी न धरणारा लेप आहे, असे खोक्यावर म्हटले आहे, आणि पहिले तीन महिने ते शब्दशः खरे होते. आंबोलीच्या पायऱ्यांवर तुषारांत उभे असताना काचेवर पडलेला थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन राही आणि हवेचा फुगा एकदा दाबला की घरंगळून जाई. कापड लावावेच लागत नसे. सप्टेंबरपासून मात्र काचेच्या मध्यभागी पाणी पसरू लागले आणि आता तिथे लेप उरलेला नाही असेच म्हणावे लागेल. याला मी काही अंशी गोकाकचे पाणी कारणीभूत धरतो. खानापूरच्या रानातले तुषार स्वच्छ असतात. गोकाकच्या तुषारांत गाळ असतो. थेंब सुकला की काचेवर मातीचा बारीक ठिपका राहतो आणि त्यावरून कापड फिरवणे म्हणजे काच घासण्यासारखेच आहे. हे माझ्या उशिरा लक्षात आले. आता मी पिण्याच्या पाण्याची लहान बाटली बाळगतो, फिल्टर उतरवून त्यावर आधी पाणी ओततो, गाळ वाहून जाऊ देतो आणि मगच मायक्रोफायबरचे कापड टेकवतो. तरीही चार महिन्यांत लेप जावा, ही ४,२०० रुपयांच्या वस्तूची कमतरताच आहे.

दुसरी तक्रार चौकटीची आहे. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घट्ट बसते, आणि ओलसर हवेत ते आणखी घट्ट होते. चिखल्याला जुलैमध्ये हा फिल्टर आणि त्याला लेन्सशी जोडणारी खालची रिंग एकमेकांत असे अडकले की तासभर सुटेनात. अशा वेळी माणूस जोर लावून कडा दाबतो आणि नेमके तेच चुकते, कारण दाबल्याने पातळ चौकट किंचित लंबगोल होते आणि आटे अधिकच धरतात. सोबत आलेल्या पुतणीने केसांचे दोन रबर काढून दिले. एक फिल्टरवर आणि एक रिंगवर चढवून, बोटे सगळीकडून सारखी टेकवून, न दाबता फिरवले आणि तो सहज निघाला. तेव्हापासून दोन जाड रबर माझ्या पिशवीत कायमचे आहेत. पितळी चौकटीचे फिल्टर इतके अडकत नाहीत. जास्त पैसे देण्याची तयारी असेल तर पितळेची चौकट पाहून घ्यावी.

व्हेरिएबल फिल्टरविषयी थोडक्यात लिहितो. तो दोन पोलरायझिंग काचांचा बनलेला असतो आणि एक फिरवली की गडदपणा बदलतो. चलचित्रणासाठी ही सोय उत्तम आहे. स्थिर चित्रणात, रुंद लेन्सवर, गडदपणा शेवटाकडे नेला की आकाशात आणि पाण्यावर फुलीच्या आकाराची काळी सावली उमटते, आणि ती नंतर कशानेही निघत नाही. माझे गोकाकचे पहिल्या वर्षाचे जवळजवळ सगळे फोटो तिने खाल्ले.

त्यापेक्षा साधा सर्क्युलर पोलरायझर घ्यावा, आणि खरे तर सहा स्टॉपच्या फिल्टरच्या आधी घ्यावा. ओल्या खडकावरची आणि पानांवरची पांढरी चकाकी तो काढून टाकतो, त्यामुळे शेवाळाचा आणि पानांचा मूळ रंग वर येतो, आणि जाता जाता दीड-दोन स्टॉप प्रकाशही कमी करतो. दाट झाडीत, जिथे शटर आधीच सेकंदाच्या पंधराव्या भागावर असते, तिथे नुसत्या पोलरायझरने पाव सेकंद मिळतो आणि अंगावर येणाऱ्या लहान धबधब्यांना तेवढा पुरतो. चिखल्याचा माझा सर्वांत आवडता फोटो एनडी फिल्टर न लावता, असाच आलेला आहे. दोन्ही एकावर एक लावता येतात. पण मग चौकटीच्या कडा फोटोच्या कोपऱ्यांत काळ्या येण्याची भीती असते.

वज्रपोह्याला या फिल्टरची वेगळी परीक्षा झाली. जांबोटीच्या पुढे, गवाळी आणि चापोली या गावांच्या मधल्या डोंगरात, म्हादईच्या खोऱ्यातला हा धबधबा बहुतेकदा लांबून, दरीपलीकडून पाहावा लागतो, म्हणून टेलिफोटो लेन्स लावावी लागते. दीडशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या पुढे गेले की ट्रायपॉडची किंचितशी थरथरही दिसते. पिशवी ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला टांगली, स्थिरीकरण बंद केले, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि डीएसएलआर असल्यामुळे मागचा व्ह्यूफाइंडर काळ्या कापडाने झाकला, कारण लांब एक्सपोजरमध्ये तिथून शिरणारा उजेडही फोटोत उतरतो. तरी सहा सेकंदांचे फोटो हलले आणि एका सेकंदाचे स्थिर आले. मधूनमधून धुके दरीत शिरे आणि धबधबा दिसेनासा होई. ते सरकेपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती होते, आणि त्या दिवशी सहा तासांत अकरा फोटो मिळाले. पावसाळ्यात वनखाते खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांकडे जाणे बंद करते, तेव्हा आडवाटेने जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. भीमगडचे जंगल इथून लांब नाही आणि तिथे आपण पाहुणे असतो.

खरेदीविषयी शेवटी. पहिल्यांदा मी हा फिल्टर ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर ६७ लिहिलेले असून आत ७७ मिलिमीटरचा फिल्टर निघाला, आणि विक्रेत्याने तो परत घेण्यात तीन आठवडे घालवले. मग मी बेळगावातल्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी तीनशे रुपये जास्त घेतले, पण माझ्यासमोर काच उजेडाकडे धरून बुडबुडा किंवा ओरखडा नाही ना ते पाहिले, माझ्या कॅमेऱ्यावर लावून पांढऱ्या कागदाचा फोटो काढून दाखवला आणि एक मोलाची गोष्ट सांगितली. माझ्या लेन्सचा व्यास ६७ आहे आणि मी त्याच मापाचा फिल्टर मागत होतो. “तुम्ही पुढे लेन्स बदलणार, काच बदलू नका,” असे म्हणून त्यांनी ७७चा फिल्टर आणि लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी ६७ ते ७७ ची साडेतीनशे रुपयांची स्टेप-अप रिंग दिली. त्यामुळे पोलरायझरही ७७चाच घेतला, दोन्ही एकावर एक लावले तरी लेन्सच्या अठरा मिलिमीटरच्या रुंद टोकालासुद्धा कोपरे काळे येत नाहीत, आणि दिवाळीत भावाची मोठी लेन्स वापरायला मिळाली तेव्हा रिंग काढून हाच फिल्टर तिच्यावर बसला. एक अडचण मात्र राहते. रिंग लावल्यावर लेन्सचे मूळ सनशेड बसत नाही, त्यामुळे तुषार थेट काचेवर येतात; त्यासाठी मी मोठ्या छत्रीला ट्रायपॉडच्या पायाशी बांधायचा पट्टा शिवून घेतला आहे. यंदा मृगाच्या पहिल्या सरीला तो आंबोलीत वापरून पाहणार आहे.